अमृतवाहिनीची पंगत

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींचे मला ठाऊक नाही. परंतु नदीच्या बाबतीत ही म्हण मला पटत नाही. ज्याच्या रानाला पाटाचे पाणी आहे त्याला हा उपदेश सोयीचा आहे. पाणी येते आहे ना, मग ते कोठून येते आणि वाटेत कोणाचे काय होते, याची चौकशी हवी कशाला? ज्याच्या दाराशी पाणी येत नाही त्याला मात्र नदीचे मूळही शोधावे लागते, मुखही शोधावे लागते आणि मधला सगळा हिशेबही मागावा लागतो. मी पाथर्डी तालुक्यातली आहे. त्यामुळे हा उद्योग आपोआपच माझ्या वाट्याला आला.

गेल्या वर्षी भूगोलाच्या पेपरात गोदावरी नदीप्रणालीचे वर्णन करा, असा प्रश्न होता. मी लिहिले : गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा या तिच्या उजव्या तीरावरील उपनद्या आणि पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती या डाव्या. गुणही बरे पडले. पण वसतिगृहावर परत येताना वाटले, की आपण चार कप्प्यांत नावे बसविली आणि मोकळे झालो. ज्या प्रवरेच्या काठी आईआण्णांनी वीस हंगाम काढले तिला माझ्या उत्तरात फक्त एक शब्द मिळाला होता! उपनदी म्हणजे मोठ्या नदीत जाऊन नाव गमावणारी नदी, एवढीच आपली तिच्याविषयीची समजूत. आपल्या जिल्ह्याचा संसार मात्र या उपनद्यांवरच चालतो. मोठी गोदावरी उत्तरेच्या कडेने, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव अशी शीव धरून जाते. गंगथडीची माणसे तिला गोदावरी म्हणतच नाहीत, 'गंगा' म्हणतात. पण जिल्ह्याच्या पोटातून वाहतात त्या प्रवरा आणि मुळा.

ज्ञानेश्वरीचेच पाहा ना. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, हा ग्रंथ नेवाशाला झाला हे आपण शाळेत शिकलो. नेवासे वसले आहे प्रवरेच्या काठी. ग्रंथाच्या शेवटी मात्र स्थळाची खूण सांगताना गोदावरीचा काठ सांगितला आहे. ज्ञानेश्वरांना प्रवरा ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? पण धाकटीचा पत्ता थोरलीच्या नावाने सांगण्याची आपली रीत इतकी जुनी आहे.

आता थोडा भूगोल सांगते. आमचे सर म्हणतात, की मत मांडायचे तर आधी नकाशा मांडावा. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंचे हे नाव, त्यांचे जन्मगाव चौंडी हे सीना नदीच्या काठी. म्हणजे नावाने जिल्हा सीनेचा झाला, पैशाने तो प्रवरेचाच आहे. असो. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात सह्याद्री उभा आहे. त्याच्यापासून पूर्वेकडे तीन डोंगररांगा फुटतात : कळसूबाईची, बाळेश्वराची आणि हरिश्चंद्रगडाची. पहिल्या दोन रांगांच्या मधून प्रवरा वाहते, दुसऱ्या दोन रांगांच्या मधून मुळा. हरिश्चंद्रगडाच्या रांगेपलीकडे पडलेला थेंब मात्र भीमेला जातो, तेथून कृष्णेला. पूर्वेकडे आमच्या गर्भगिरीच्या डोंगरावरही असाच प्रकार आहे. डोंगराच्या एका अंगाचे पाणी गोदावरीला, दुसऱ्या अंगाचे सीनेवाटे भीमेला. मढीच्या यात्रेला जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते, की आपण दोन मोठ्या खोऱ्यांच्या दुभाजकाच्या जवळून चाललो आहोत?

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. रतनवाडीला तिच्या काठी अमृतेश्वराचे जुने शिल्पसमृद्ध मंदिर आहे. पुढे भंडारदऱ्याचे धरण, मग रंध्याचा धबधबा, निळवंड्याचे धरण, अकोले. मग आढळा आणि म्हाळुंगी या लहान नद्या पोटात घेऊन ती संगमनेरला येते. ओझरच्या बंधाऱ्यावर तिचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा बारमाही हिरवा पट्टा सुरू होतो. नेवाशाच्या अलीकडे तिला मुळा मिळते आणि प्रवरासंगमाला ती स्वतः गोदावरीला मिळते. सगळा प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरांचा. एस.टी.ने निघाले तर एका दिवसात संपेल. पण तेवढ्या दोनशे किलोमीटरांत माणसांचे किती थर आहेत!

हे थर आजचेच आहेत असेही नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या लाल रंगाच्या, काळी नक्षी असलेल्या भांड्यांवरून ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले. याच प्रवरेच्या डाव्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल माणसाला झाडाचे मूळ खणताना ब्राँझची चार शिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारही चाकांवरची, सगळी मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. रथात एक माणूस उभा आहे, पुढे बैलजोडी आहे. मी त्याचे छायाचित्र पुस्तकात पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती आण्णांच्या टायरगाडीची. साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या काठावर बैल जुंपले जात होते आणि आजही जुंपले जातात. फरक एवढाच, की आज गाडीत ऊस असतो.

ऊस म्हटल्यावर मूळ मुद्दा आलाच. भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर, साठवण ११ टीएमसी. त्याला विल्सन डॅम म्हणतात आणि जलाशयाला आर्थर लेक; गोऱ्या साहेबांनी पाण्यालाही आपली नावे दिली. १८७६-७८ चा आणि १८९६ नंतरचे दुष्काळ यांनी दख्खनची जी दैना झाली त्या पार्श्वभूमीवर इकडे कालवे काढण्यात आले. म्हणजे हेतू होता दुष्काळातून पिके वाचविण्याचा, ज्वारीबाजरी जगविण्याचा. पण झाले असे, की पाऊस बरा झाला की पाटाचे पाणी कोणी मागेना आणि सरकारला तर पाणीपट्टी हवी. दरसाल, बारा महिने पाणी घेऊन त्याचे पैसे भरू शकेल असे पीक एकच. अशा रीतीने दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाचा कालवा झाला. मग खाजगी साखर कारखाने आले आणि १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला, तो आशियातील अशा प्रकारचा पहिला समजला जातो. लहान शेतकऱ्यांनी शेअर घेऊन कारखान्याचे मालक व्हावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यातून शाळा निघाल्या, कॉलेजे निघाली, दवाखाने निघाले. यातले काहीही मी नाकारत नाही. माझे स्वतःचे शिक्षणही आईवडिलांच्या ऊसतोडीच्या उचलीवरच चालले आहे. त्यामुळे उसाला सरसकट शिव्या देणे मला परवडणारेही नाही आणि तो प्रामाणिकपणाही होणार नाही.

पण ज्यांना ऊस फक्त रसवंतीत भेटतो त्या मित्रमैत्रिणींसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या पाथर्डीतून आणि शेजारच्या आष्टी, शिरूर, पाटोद्यातून दसरादिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे, चार हात, पण नाव एका हत्याराचे! कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात. पहाटे चारला फडात जायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांगेत रात्र काढायची. वाढे विकून आले तेवढे मीठमिरचीला. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्चएप्रिलात परत गावी. माझ्या वयाची सातवीपर्यंतची वर्षे अशी अर्धी आजीपाशी गावात आणि अर्धी कोपीवर गेली. आठवीला आजीने हट्टाने मला गावी ठेवून घेतले, म्हणून मी आज हा लेख लिहिते आहे. माझ्याबरोबर कोपीवर खेळलेल्या बहुतेक मुली आता स्वतःच कोयता झाल्या आहेत.

प्रवरा मी पहिल्यांदा पाहिली ती अशी कोपीवरून. नदी म्हणून नव्हे, पाट म्हणून. आमच्या कोप्या एका कारखान्याच्या मागे, चारीच्या कडेला होत्या. पिण्याचे पाणी दोन दिवसांनी येई. बाकी धुणे, भांडी, अंघोळ सगळे चारीवर. चारीला पाणी सुटले की आई म्हणायची, "आलं बघ आवर्तन." मला आवर्तन हे कोणा पाहुण्याचे नाव वाटत असे. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर उंच ऊस, मधून डोळ्यादेखत पाणी चाललेले आणि त्या पाण्यावर कोपीवाल्यांचा हक्क कसला तर कोणी हटकेपर्यंत हंडा भरण्याचा. मार्चमध्ये गावी परतले की आमच्या विहिरीला तळ दिसायला लागलेला असे आणि वेशीत टँकरपाशी भांडणे. एकाच जिल्ह्यातल्या, शंभरएक किलोमीटरांच्या अंतरातल्या या दोन गोष्टी. लहानपणी मला वाटे, की तिकडची जमीन देवाची लाडकी असेल. आता कळते, की देवाचा यात काहीच संबंध नाही. पाटाचे पाणी उतार बघून धावते हे खरे. पण कोणत्या उताराला पाट काढायचा हे माणसे ठरवितात.

माणसे ठरवितात याचे एक उदाहरण निळवंडे. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी या तालुक्यांत प्रवरेच्या अगदी जवळ असूनही कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेली कित्येक गावे कोरडी होती. त्यांच्यासाठी १९७० साली ऊर्ध्व प्रवरा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा त्याचा अंदाजी खर्च आठ कोटींच्याही आत होता. धरणाची जागा बदलली, पिढी बदलली, खर्च पाच हजार कोटींच्या वर गेला आणि डाव्या कालव्यात पहिल्यांदा पाणी सुटले ते मे २०२३ मध्ये. म्हणजे त्रेपन्न वर्षे! ८.३२ टीएमसीच्या या धरणाची वाट पाहत किती शेतकरी म्हातारे झाले आणि किती गेले. आमच्या वर्गात तळेगावाकडची एक मैत्रीण आहे. कालव्याला पाणी आले तेव्हा तिच्या आजोबांनी त्या पाण्यात उतरून तोंड धुतले आणि कोणाशी न बोलता घरी जाऊन झोपले, असे ती सांगते.

आणि सर्वांत वरच्या अंगाला कोण आहे? घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. आमच्या पाथर्डीला पाचशेच्या आसपास. दहापट फरक! त्या हिशेबाने घाटघर-रतनवाडीच्या लोकांना पाण्याची ददात नसावी. गेल्या हिवाळ्यात आपली भूगोलाची सहल भंडारदऱ्याला गेली होती. सगळे रंध्याला फोटो काढत असताना आम्ही तिघीजणी एका वाडीत पाणी प्यायला गेलो. महादेव कोळी समाजाच्या एका आजोबांनी तांब्या दिला. चैत्रात पाणी कोठून आणता, असे विचारले तर ते हसून म्हणाले, "धरण उशाला अन् कोरड घशाला, बाई. पाऊस आमच्या डोक्यावर पडतो, पाणी दुसऱ्याच्या रानात जातं." ही म्हण महाराष्ट्रात कोठेही ऐकायला मिळते. पण धरणाकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकली तेव्हा माझ्या मनात आले, की या आजोबांचे आणि आमचे नाते उघड आहे. ते नदीच्या मुळाशी, आम्ही नदीच्या बाहेर. त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आमच्या जमिनीला पाणी आलेच नाही. आणि मधल्या पट्ट्यात आम्हा दोघांनाही कोणी ओळखत नाही.

वर्तमानपत्रांतून मात्र भांडण वेगळेच दिसते. तेथे ते असते 'नगर विरुद्ध मराठवाडा'. पैठणला जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी. आपल्याकडचे भंडारदरा ११, निळवंडे सव्वाआठ आणि बारागाव नांदूरचे मुळा धरण २६, असे सगळे मिळून निम्मेही होत नाही. त्या नाथसागराखाली आपल्याच शेवगाव-नेवाशाची गावेही गेली, हे भांडणारे विसरतात. राज्यात २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात एका खोऱ्यातील पाणी समन्यायी पद्धतीने वाटावे असे तत्त्व आले. प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडावे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. २०१५, २०१८, २०२३ या वर्षी पाणी सोडावे लागले तेव्हा आपल्याकडे किती मोर्चे निघाले, ते सर्वांच्या स्मरणात असेल. 'आमच्या हक्काचे पाणी पळविले' अशी घोषणा होती. मराठवाड्यात त्याच दिवशी 'आमचे हक्काचे पाणी अडविले' अशी घोषणा होती. दोन्हीकडे शब्द तेच, फक्त क्रियापद बदललेले.

माझा प्रश्न साधा आहे. यातल्या 'आमच्या' शब्दात मी आहे का? मी नगर जिल्ह्याची आहे. त्या नात्याने प्रवरेचे पाणी माझे. पण मुळा धरणाच्या उजव्या कालव्याची शेपटी आमच्या तालुक्याच्या उत्तरेकडच्या काही गावांपर्यंत येते आणि वांबोरी चारीचे पाणी काही तलावांत पडते, एवढे सोडले तर धरणाच्या पाण्याने पाथर्डीला ओळख दिलेली नाही. ज्या बीड जिल्ह्याला मराठवाडा म्हणून शत्रुपक्षात घातले आहे, तेथल्या शिरूर-आष्टीच्या बाया माझ्या आईच्या शेजारच्या कोपीत राहतात. दोघींचा मुकादम एक, चारी एक, गावाकडचा टँकरही सारखाच. मग माझी बाजू कोणती? मला वाटते, ही भांडणे जिल्ह्याच्या हद्दीवर नाहीतच. ती आहेत ज्याच्या शेतातून चारी जाते तो आणि ज्याच्या शेतातून जात नाही तो यांच्यात. आणि ज्याला शेतच नाही तो तर कोणत्याच घोषणेत नाही.

आमच्या वर्गातील एक मित्र राहात्याकडचा आहे. घरी आठ एकर ऊस आहे. मुलगा मोकळ्या मनाचा, माझ्याशी हिरिरीने वाद घालतो. त्याचे म्हणणे असे : "आमच्या पणज्याने पाटासाठी जमीन दिली, आजोबांनी कारखान्याचा शेअर पोटाला चिमटा घेऊन घेतला. आमच्या उसावर तुमच्याकडच्या हजारो कुटुंबांना काम मिळते. ऊस बंद केला तर आधी तुमचीच चूल विझेल." या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण त्याला मी विचारले, की आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असतो आणि त्याला मोकाट पाणी दिले म्हणून तुमच्याच शिवारात चोपण जमीन किती झाली? तो गप्प बसला. पाटाखालची चोपण ही इकडे नवी गोष्ट नाही. पाणी फार झाले की जमिनीतले क्षार वर येतात आणि पांढरी पडलेली जमीन ना बाजरी देते ना ऊस. एकीकडे पाणी नाही म्हणून जमीन मरते, दुसरीकडे पाणी फार म्हणून! ठिबकवर ऊस घेणारे शेतकरी आता वाढत आहेत, हेही त्यानेच मला सांगितले. वाचलेले ते पाणी कोणाला जाणार, यावर मात्र आमचा वाद अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, दुसऱ्या एकरातल्या उसाला.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे आपल्याला पाठ असते. पण डोळ्यांपुढे काही येत नाही. मी आमच्या भाषेत हिशेब केला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस लाखांहून अधिक टँकर. आमच्या गावाला उन्हाळ्यात दिवसाला दोन टँकर येतात आणि त्यातही एक कधीकधी नागा करतो. उसाच्या एखाददुसऱ्या आवर्तनात किती गावांचे किती उन्हाळे वाहून जातात, याचे गणित ज्याचे त्याने करावे.

नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत विष्णूने मोहिनीच्या रूपाने येथेच वाटले, अशी कथा आहे. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात तेही त्याच आठवणीने. देव एका पंगतीला, दानव दुसऱ्या पंगतीला. मोहिनीने एकाच पंगतीला वाढले. राहू वेष पालटून देवांच्या पंगतीत बसला, ते लक्षात येताच त्याचे शिर उडविले गेले आणि ते राहुरीला पडले, म्हणून राहुरी. आजीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी विचारले होते, "पण मंथन तर दोघांनी केलं होतं ना?" आजी म्हणाली, "व्हय की." पुढे काही बोलली नाही. आज प्रवरेची पंगत पाहिली की मला ती गोष्ट आठवते. दोर ओढायला सगळे असतात. पाऊस अकोल्याचा, कोयता पाथर्डीचा. वाढप मात्र मधल्या पंगतीला.

यावर उपाय काय, असे कोणी विचारील. मी काही इंजिनिअर नाही. पण पाणी जमिनीला न मोजता माणसाला मोजावे, हा विचार महाराष्ट्रात कोणी केलाच नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा, की पाण्याचा वाटा कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, किती जमीन आहे त्यावर नाही. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. आपल्याच जिल्ह्यात नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, मगच कोणते पीक घ्यायचे ते ठरविण्याची शिस्त लावली. ही खेडी लहान आहेत आणि प्रवरा मोठी आहे, हे मला कळते. गावात जे सभेने होते ते खोऱ्यात सहज होणार नाही. पण निदान सुरुवात म्हणून एवढे तरी व्हावे, की आवर्तन कधी आणि किती सोडायचे हे ठरविणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत एक खुर्ची रतनवाडीच्या माणसाची असावी आणि एक ऊसतोडीच्या बाईची. ती बाई तेथे बसून उसाच्या विरुद्ध बोलेलच असे नाही. पण कोपीवर नळ मागेल, गावाकडच्या तलावात उन्हाळ्यापूर्वी एकदा पाणी सोडा म्हणेल. आज ती बैठक कोठे भरते हेसुद्धा माझ्या आईला ठाऊक नाही.

आपणां विद्यार्थ्यांच्या हातात यातले फार थोडे आहे. पण भूगोल विभागाला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीची सहल पुन्हा एकट्या भंडारदऱ्याला नेऊ नये. रतनवाडीपासून निघावे आणि अकोले, संगमनेर, ओझर, राहुरी, नेवासे करीत नदीबरोबरच प्रवरासंगमापर्यंत यावे. वाटेत दायमाबाद पाहावे, एखादा बंधारा पाहावा, वाळू उपशाने खरवडलेले पात्रही पाहावे. आणि हंगाम चालू असेल तर कोप्यांवर तासभर थांबावे, तेथे चहा मी देववीन. दोन दिवस पुरतील. आणि शक्य असेल तर दुसरी एक फेरी मे महिन्यात काढावी, परीक्षा संपल्यावर. डिसेंबरात सगळ्याच नद्या सुंदर दिसतात. एस.टी. महामंडळाची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. डेपोत जाऊन मी दर विचारून ठेवला आहे; पन्नास जण झालो तर माणशी फार पडत नाही.